सा लागल्यावर दिवा

काकूंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. एरवी त्या फोन करायच्या तो शेजारच्या मुलाकडून लावून घेऊन. त्या दिवशी स्वतःच लावला होता. "गुरुजी गेले," एवढं म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत पुढे म्हणाल्या, "ये. पण रडत येऊ नोको पोरी, गळा बसन. तुले गावं लागन." ...फोन ठेवला. मी डबा बंद केला आणि बडनेऱ्याला जाऊन मिळेल ती गाडी पकडली. अकोला येईपर्यंत मी खरंच रडले नाही. बाटलीत कोमट पाणी भरून घेतलं होतं, ते घोटघोट पीत बसले. समोरच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? मी मानेनेच नाही म्हटलं, कारण बोललं की आवाज खर्ची पडतो ही माझी जुनी समजूत. ज्या माणसाने मला सूर म्हणजे काय ते शिकवलं तो घरात निजलेला होता, आणि मी मूर्तिजापूर येईपर्यंत मनातल्या मनात पट्टी ठरवत होते. काळी चार घ्यावी की अर्धा सूर खाली उतरावं... हे कुणाला तोंडाने सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

भास्करराव गुरुजी अकोल्याच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नाही. मी दर्यापूरची, घरी कपाशी आणि सोयाबीन, गाण्याचा संबंध लग्नातल्या बँडपुरता. अकरावीत असताना ते आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणे आले, माझं गाणं त्यांनी ऐकलं आणि वडिलांना म्हणाले, "पोरगी लय ओरडते, पण सुरात ओरडते. रविवारी पाठवत जा." तेव्हापासून दर रविवारी एसटीने अकोला. पुढे अमरावतीत तत्त्वज्ञान शिकायला गेले, तिथेच शिकवायला लागले, तरी रविवार अकोल्याचाच राहिला.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत एका भिंतीशी तानपुरा, समोरच्या भिंतीशी त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, देव्हारा. संध्याकाळ झाली की गुरुजी तानपुरा मांडीवर घ्यायचे आणि काकू काडेपेटी हातात धरून देव्हाऱ्यासमोर बसायच्या. तारा जुळेपर्यंत काकू काडी ओढत नसत. पावसाळ्यात दमट हवेने खुंट्या निसटायच्या, पंचम लागला की षड्ज उतरायचा, आणि गुरुजी म्हणायचे, "थांब व, अजून घसरते हे." काकू थांबायच्या. सगळं घर अंधारून यायचं, बाहेर भाजीवाल्याची हाक येऊन जायची, तरी त्या बसून. मग एकदाचा सा लागायचा, चारी तारा एकात एक मिसळून घरभर व्हायच्या, आणि काकूंची काडी ओढल्याचा आवाज यायचा. सुरुवातीला मला वाटायचं, दोघं मिळून सांजेची पूजा करतात. त्यातला एकच जण पूजा करतो हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

गुरुजी देव मानत नसत. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात त्यांचं भजन असायचं, भजन मंडळ त्यांच्याशिवाय उभं राहत नसे, म्हातारी माणसं पदराने, उपरण्याने डोळे पुसत घरी जायची. आणि हा माणूस देव मानत नाही. मी एम.ए.ला होते, मला कारण हवं होतं. कुठला तरी नवस वाया गेला असेल, घरात अकाली मरण झालं असेल, असं मी मनात रचून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाले, "काहून म्हणजे? काही लोकायले वांगं आवडत नाही, तसंच." मी चांगलीच हिरमुसले. वडिलांशी भांडण होतं का, हेही विचारून पाहिलं. वडील मोर्शीकडचे, संत्र्याची बाग राखणारे, खंजिरीवर भजन म्हणणारे. भांडण कसलं, त्यांच्याच मांडीवर बसून हे ताल शिकले होते. "मग देवळात गाता ते खोटं नाही का, गुरुजी?" मी अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं. त्यांनी पानाचा विडा गालात सरकवला. "लोकायले तिथं देव भेटते. मले कोमल रिषभ भेटते. कोणाचंच नुकसान नाही."

माझ्या प्रबंधाचा विषय होता, संगीतात भावना नेमकी असते कुठे. सुरात, गाणाऱ्यात, की ऐकणाऱ्यात? मोठमोठी पुस्तकं वाचून मी गोंधळले होते आणि गुरुजींसमोर ते सगळं ओतायची हौस होती. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग आत काकू कांदा चिरत होत्या तिकडे बोट दाखवलं. "तुही काकू रडून राहिली. कांदा रडून राहिला का?" मी म्हटलं, नाही. "मंग? अन् काकूले दुःख हाय का?" तेही नव्हतं. "तरी पाणी खरं हाय ना बाप्पा डोळ्यातलं!" हा कांदा मी पुढे कित्येक वर्षं वर्गात वापरला, मुलं हसतात, वहीत उतरवून घेतात. त्यात एक जागा मात्र मी मोकळी ठेवत आले. कांदा स्वतःच चिरून स्वतःच रडणारा जो असतो, म्हणजे गाणारा, त्याचं काय? त्याच्या डोळ्यांतलं पाणी कुणाचं? तो प्रश्न गुरुजींना विचारायचा राहून गेला, आणि आता त्याचं उत्तर मलाच द्यावं लागतं आहे.

माझ्या गाण्यात एक खोट होती. भैरवीतलं एक भजन ते नेहमी शेवटी घ्यायचे, त्यात ओळ संपताना कोमल रिषभावर थांबून मग सा वर यायचं. तिथे आले की मला चेव यायचा. मी तो रिषभ धरायची, हलवायची, ऐका किती सुंदर लागला असं जगाला सांगायची. गुरुजी डोळे मिटून म्हणायचे, "दाखवू नोको. ठेवून दे." मी पुन्हा गायची, पुन्हा दाखवायची. "ठेव व माय... चुलीवरून उतरवलेलं भांडं ठेवते तसं ठेव, आवाज न करता." मला ते कधी जमलं नाही. शेवटी त्यांनी ते भजन माझ्याकडून घेणंच बंद केलं. "जमन तुले कधी तरी," म्हणाले. रागावले नव्हते, पण मला लागलं.

गेल्या दिवाळीत फराळाला गेले होते तेव्हा काकू शेजारी ताट द्यायला गेल्या होत्या. गुरुजी थकलेले दिसत होते, शेव हातात घेऊन नुसती मोडत होते. एकदम म्हणाले, "मी मेल्यावर मंडळवाले टाळ घेऊन येतीन. त्यायले येऊ दे, बसू दे. पण माह्या पुढ्यात देवाचं नाव घेऊन गाऊ नोका कोणी. जिंदगीभर लोकायसाठी गायलो, त्या दिवशी मले खरं राहू द्या. तानपुरा लावजो, घडीभर बसा, अन् घेऊन जा." मी हसले, विषय बदलायला चकली उचलली. त्यांनी चकलीचा हात धरला. "हो म्हण." मी हो म्हटलं.

तो 'हो' मी ज्या खोलीत दिला त्याच खोलीत गुरुजींना ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा मंडळवाले येऊन बसले होते, टाळ गळ्यात, पण कुणी सुरुवात करत नव्हतं. ज्याने सुरुवात करायची तोच खाली निजला होता. काकू उशाशी होत्या. मला पाहून त्या रडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "ते भैरवीतलं." मी त्यांच्या कानाशी वाकले, सांगावं म्हणून, की गुरुजींनी नको म्हटलं होतं... आणि त्यांचे डोळे पाहून सांगितलं नाही. अजून खरं लिहायचं तर, सांगायची माझीही फारशी तयारी नव्हती. गळा गाडीभर जपून आणला होता.

मी गायले. कोपऱ्यात तानपुरा कापडी गवसणीत तसाच उभा होता, तो काढायचं कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा. पहिली ओळ गेली, दुसरी गेली आणि रिषभ आला. या वेळी मी काहीच केलं नाही. तो आला, टेकला, आणि सा वर उतरला. इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते जमलं. मागून कुणाचा तरी हुंदका आला, मंडळातल्या म्हाताऱ्यांनी टाळ थांबवले. आणि माझ्या अंगावर काटा आला तो आनंदाने. आनंदच होता तो, दुसरं नाव देऊन उपयोग नाही. मी मान वर केली ती गुरुजींकडे बघायला, ऐकलंत का म्हणून. सवयच तशी. समोर त्यांच्या नाकात कापूस होता... तरी पुढच्या ओळीला मी पुन्हा त्या रिषभाकडे निघाले, आणि जाताना आजूबाजूला बघून घेतलं की कुणाकुणाच्या लक्षात आलं.

कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं. संध्याकाळपर्यंत अकोल्या-अमरावतीच्या ग्रुपांवर फिरत होतं. गुरूला शिष्येची अखेरची स्वरांजली, असं वर लिहिलेलं. अनोळखी लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने लिहिलं, साक्षात देव भेटला. मी सगळ्यांना धन्यवाद दिले. आणि ती क्लिप ऐकत राहिले. चहा ठेवताना, पेपर तपासताना, झोपायच्या आधी. सुरुवात सोडून थेट त्या जागेवर नेऊन ऐकायची. चित्रात खाली कडेला गुरुजींचे पाय दिसतात, गुलाल लागलेले. मी किती तरी वेळा ऐकल्यावर एकदा ते पाय मला दिसले. तेव्हा मोबाइल पालथा ठेवला आणि मग रडले, उशिरा का होईना.

त्यानंतर बरेच रविवार मी अकोल्याला गेले नाही. काय तोंड दाखवणार? काकूंच्या भाचीचा निरोप आला की काकू विचारतात, तेव्हा गेले. दुपारभर आम्ही इकडचं तिकडचं बोललो, पेन्शनच्या कागदांचं, गवारीच्या भाजीचं. ऊन उतरलं तेव्हा मी सांगून टाकलं. दिवाळीतली गोष्ट, माझा होकार, सगळं. काकू पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. म्हणाल्या, "मले माहीत होतं. मलेही त्यायनं तेच सांगतलं होतं." आणि पुढे म्हणाल्या, "ते गेले. मांग मले राहाचं होतं ना... देवाचं नाव नाही घेतलं तं मी कोणाच्या भरवशावर राहू? म्हून तुले गायले लावलं. पाप असन तं अर्धं माह्या नावावर लिव."

एवढ्यावर मला सुटता आलं असतं. काकू तर दार उघडून उभ्याच होत्या. पण मग त्यांनी विचारलं, "गाताना तुले देव दिसला का पोरी? तुह्या तोंडावर तसं दिसत होतं." त्यांना हो हवं होतं. हो म्हणणं सोपं होतं, आणि एक होकार मोडलेल्या माणसाला दुसरा खोटा होकार जड जायचं कारण नव्हतं. तरी मी म्हटलं, "नाही काकू. मला माझाच आवाज ऐकू येत होता. गुरुजीही नव्हते तिथं. मीच होते फक्त." काकूंनी पदराचं टोक सोडलं. मग उठल्या, हात धुतले आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसल्या. संध्याकाळ झाली होती.

काडेपेटी हातात होती, काडी ओढत नव्हत्या. मला वाटलं, रागावल्या. मग माझ्या ध्यानात आलं की त्या थांबल्या आहेत. गुरुजी गेल्यापासून रोज अशाच बसत असतील का, सा ची वाट बघत, अंधार होईपर्यंत? मी उठून तानपुऱ्याची गवसणी काढली. तारा ढिल्या पडल्या होत्या, तारांखालचा जवारीचा दोरा सरकला होता. सवयीने माझ्या पट्टीत जुळवायला लागले तर काकू मागे न बघता म्हणाल्या, "त्यायच्या." मग मी काळी एकमध्ये उतरले. ती पट्टी माझ्या गळ्याची नाही, तिथे मला मोकळं गाता येत नाही. खुंटी पिळली, तारांतले मणी खालीवर केले, पंचम लागला की षड्जाची जोडाची तार उतरायची. काकू थांबल्या. मीही घाई केली नाही. आणि खूप वेळाने त्या चारी तारा एकदाच्या जुळल्या, खोली भरली, गुरुजी असताना भरायची तशीच.

काडी ओढल्याचा आवाज झाला. दिवा लागला. मी तारा छेडत राहिले, आणि मला वाटलं, हेच तर त्यांनी मागितलं होतं, घडीभर एवढंच. तेवढ्यात माझ्या नकळत मी श्वास घेतला, गाणारा माणूस पहिल्या ओळीआधी घेतो तसा. पट्टी माझी नव्हती तरी गळ्यात तो रिषभ येऊन उभा राहिला होता. काकूंनी सगळा जन्म एका गवयाच्या शेजारी काढलेला, त्यांना श्वास ओळखू आला. देव्हाऱ्यासमोरचे हात त्यांनी तसेच जोडलेले ठेवले.

"आता नोको, बाई," त्या म्हणाल्या. "त्यायले ऐकू दे मले."

मी तो श्वास सोडून दिला आणि बोटं चालू ठेवली.