आधी मोजा, मग मोजा

गुरुजी माणसाकडे बघायचे ते खालून वर. आधी पाय, मग तोंड. मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी आमची ओळख करून दिली, तेव्हा गुरुजींचा नमस्कार माझ्या चपलांना मिळाला. मनात म्हटलं, हे काय ध्यान आहे. तेवढ्यात ते म्हणाले, "डावा पाय जरा मोठा हाय तुमचा, मॅडम. चप्पल घासती का?" घासत होती. पण अनोळखी पुरुषाने ते सांगावं हे मला आवडलं नाही, आणि पुढचे दोन दिवस मी पाय टेबलाखाली ओढूनच बसले.

गुरुजी क्रोशाने मोजे विणायचे. मधल्या सुट्टीत, पेपर तपासून झाल्यावर, सेनगावच्या जीपमध्ये चेंगरून बसलेले असतानाही. सुई खडूच्या डब्यात, लोकरीचा गुंडा शर्टाच्या खिशात. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला आपण आधी हसतो आणि मग त्याच्याशिवाय करमत नाही. एवढा उंच, मिशीवाला गडी ओठ हलवत टाके मोजतोय हे पाहून आम्ही सगळेच हसायचो. "काहून हसून राहिले?" ते विचारायचे. "मासे धरायचं जाळं विणलं असतं तर हसले असते का तुमी?"

पोरं त्यांना मोजे गुरुजी म्हणत. लांबी मोजण्याचा धडा ते पोरांच्या पायांवरच शिकवत. फळ्यावर "आधी मोजा, मग मोजा" असं लिहीत आणि विचारत, "सांगा, यातला पायात घालायचा कोणता?" वर्गात त्यावरून भांडणं लागायची.

कुणी मोजे मागताना चपलेचा नंबर सांगितला की ते वैतागत. "नंबर चपलेला असतो, पायाला न्हाई." लोकरीचा धागा काढून तीन ठिकाणी माप घ्यायचे, चवड्याला, टाचेला आणि घोट्याला, आणि प्रत्येक मापाला धाग्यावर गाठ मारायचे. तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. वरच्या काठाला इलॅस्टिक चालत नसे. मोजा कसा बसला ते घातल्यावर नाही, काढल्यावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. काढला आणि घोट्यावर वळ दिसला की सगळा उसवून पुन्हा पहिल्यापासून. "वळ उठला म्हंजी मोजा चुकला."

हे कुठून आलं ते मला त्यांच्या घरी गेल्यावर समजलं. क्रोशा खरा वहिनींचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा. टीव्हीवरचा रुमाल, दारावरचं तोरण, सगळं त्यांच्या हातचं. मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी हिंगोलीला जाणं आलं. पाय सुजायला लागले आणि बारा महिने गार पडायला लागले. बाजारातले मोजे सुजेत रुतत. काढले की घोट्याभोवती बोट मावेल एवढी खाच. वहिनींनी स्वतःसाठी मोजा विणायला घेतला, पण बोटांत सुई धरवेना. तो अर्धा मोजा गुरुजींनी त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "दाखव."

त्यांनी विणलेला पहिला मोजा, वहिनी सांगायच्या, पायापेक्षा दुधाच्या किटलीला चांगला बसला असता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी गुरुजी वहिनींचा पाय मांडीवर घेऊन माप काढत. सूज वाढली की मोजा उसवून मोठा करायचा, उतरली की लहान. गाठींचा तो धागा ते डॉक्टरांनाही दाखवायचे. वहिनी म्हणायच्या, "सदा पायच बघून राहिले. एकदा तोंड बी बघा की." गुरुजी मान वर न करता म्हणायचे, "तोंड पाठ हाय." त्या घरातून निघताना मला दर वेळी थोडा हेवा वाटायचा.

एका डिसेंबरात गुरुजी शाळेत पेढे घेऊन आले. "सूज उतरली, मॅडम. मोजा सैल झाला. घोट्याचे सहा टाके कमी करावे लागून राहिले." त्यांनी खिशातून धागा काढून दाखवला. नवी गाठ जुन्या गाठीच्या बरीच आत होती.

मी आदल्या रविवारीच वहिनींना भेटून आले होते. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. उतरली होती ती नुसती सूज नव्हती, अंगच उतरलं होतं. वहिनींना ते ठाऊक होतं. "त्यांना सांगू नका, बाई," त्या म्हणाल्या होत्या. "लई दिसांनी खुश हायती." मी पेढा तोंडात टाकला आणि छान आहे म्हणाले. जिभेला हाड नसल्याने मी आजवर पुष्कळ ठिकाणी नको ते बोलले आहे. तिथे गप्प बसले ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही.

नवे मोजे त्यांनी शाळेतच विणले, हिरव्या लोकरीचे. चार दिवस लागले. इतके सुरेख मोजे त्यांच्या हातून त्याआधी झाले नव्हते.

पंधरा दिवसांनी सकाळीच निरोप आला. आम्ही सगळे शिक्षक गेलो. गुरुजींना पुरुषांनी ओसरीवर बसवलं होतं. आम्ही चौघी बायका वहिनींना आंघोळ घालायला आत थांबलो. सवाशीण बाई, तिला हिरवं लुगडं नेसवायचं होतं, मळवट भरायचा होता, पायांना हळद लावायची होती. त्यासाठी मोजे काढायला हवे होते. गुरुजींच्या बहिणीने हात पुढे केला आणि मागे घेतला. "बाई, तुमी काढा. माझ्यानं व्हईना."

मी उजवा मोजा काढला, मग डावा. तेवढ्यात दाराबाहेर पावलं वाजली. गुरुजी उठून आले होते. बायका आंघोळ घालत असताना आत यायची रीत नाही, म्हणून ते बंद दाराशीच बोलले.

"मॅडम, वळ हाय का?"

बाकीच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी वहिनींचे पाय हातात घेतले आणि उजेडाकडे वळवून दोन्ही घोटे नीट पाहिले.

"न्हाई, गुरुजी," मी म्हणाले. एरवी मी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलते, त्या दिवशी जमलं नाही. "वळ न्हाई. बराबर बसले व्हते."

"बरं," गुरुजी म्हणाले आणि पावलं ओसरीकडे गेली.

त्यानंतर त्यांच्या हातात सुई दिसली नाही. उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि शिरड शहापूरला बहिणीकडे राहायला गेले. निरोपाच्या कार्यक्रमानंतर ते एकेकाजवळ येऊन हात जोडत होते. माझ्यापाशी आले, थेट माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "येतो मॅडम," आणि पुढे गेले. मी मुद्दाम नवी चप्पल घालून गेले होते. डावी घासत होती.