बिनक्लचची गाडी

त्यांना मी पाहिलं वर्गाच्या खिडकीतून, आणि पाहण्याआधी ऐकलं. शाळेसमोरच्या चढावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावलेली एक छोटी पांढरी गाडी अडकली होती. उचकी लागल्यासारखे हिसके द्यायची, दोन हात पुढे जायची आणि बंद पडायची. आतून एक आवाज येत होता, अंगाई म्हणावी तसा, जराही न वैतागता. "हाफ क्लच... घाई नाही... हाफ क्लच..." माझा अख्खा वर्ग भागाकार टाकून खिडकीशी गोळा झाला. अखेर गाडी चढ चढली तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून त्यांचं नाव हाफक्लच पडलं आणि पुढे गावानेही तेच उचललं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले म्हणे, "बरं झालं, फुल क्लच नाही ठेवलं. गाडी जागची हललीच नसती."

निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडेच गाडी शिकायला गेले, तेव्हा त्यांना जवळून पाहिलं. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच असतात. शिकणाऱ्याचं चुकलं की शिकवणारा गाडी सावरतो. हाफक्लच तिथे हात मांडीवर ठेवून, बसस्टॉपवर निवांत बसलेल्या माणसासारखे बसत. चेहरा झोपलेला आणि उजवा पाय जागा. मला कुत्रं दिसायच्या आत त्या पायाला दिसायचं. गाडी आपसूक थांबायची, आणि हाफक्लच म्हणायचे, "छान थांबवलीत, बाई." मी थांबवलेली नसायची. तरी बरं वाटायचं.

एका संध्याकाळी सिग्नलला आमच्या शेजारी एक गडद निळी गाडी येऊन उभी राहिली. लांब, बुटकी, पळायच्या आधी दबा धरून बसलेल्या जनावरासारखी. मावळतीचं ऊन तिच्या अंगावरून घरंगळत होतं. इंजिन चालू होतं की नाही, कळत नव्हतं. सिग्नल हिरवा झाला. मी वाट पाहिली. मागचे हॉर्न वाजवू लागले तरी हाफक्लच बोलेनात. त्यांचा पायसुद्धा झोपला होता.

"सर, जाऊ का?" मी विचारलं.

"अं? हो, हो. हाफ क्लच."

पुढच्या वळणावर ते आपणहून बोलू लागले. "बाई, जन्म रस्त्यावर गेला, पण रस्ता काही मी पाहिला नाही. मला नुसतं काय आडवं येईल ते दिसतं. बसच्या मागून माणूस येईल, दार उघडेल, चेंडू येईल. एकदा तरी अशा गाडीत बसून सरळ बघावं. नुसतं बघावं."

ती निळी गाडी आमच्याच इमारतीतल्या डॉक्टरांची होती. त्यांनी ती हौसेने घेतली होती आणि वर्षानुवर्षं लेकीसारखी सांभाळली होती. पण डोळे अधू झाले, आणि एक दिवस जिन्यात मला म्हणाले, "बाई, आता मला ती दिसते त्यापेक्षा आठवते जास्त. कोणी चांगला माणूस असेल तर सांगा." मी सांगितला.

हाफक्लच इस्त्रीचा शर्ट घालून आले, मुलगी पाहायला आल्यासारखे. सोबत त्यांचा मेहुणा होता. त्याचं गॅरेज आहे आणि जीभ पान्यासारखी चालते. तो गाडीखाली शिरला, बॉनेटमध्ये वाकला, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "इंजिन खणखणीत आहे. पण दाजी, हिला क्लच नाही. आपोआप गियर बदलणारी आहे."

"माहीत आहे."

"गावभर हाफक्लच म्हणून मिरवता आणि गाडी घेता बिनक्लचची? डाव्या पायाने काय करणार, ताल धरणार? आणि एक सांगून ठेवतो, हिचा आरसा फुटला ना, तर तो आणायला माझं गॅरेज विकावं लागेल."

हाफक्लच ऐकतच नव्हते. दारावरून हात फिरवत होते. व्यवहार ठरला, चहा झाला, डॉक्टर किल्ली घेऊन खाली आले. हाफक्लचनी दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले आणि सवयीने सुरू झाले, "हं, सीट पुढे घ्या, आरसे बघा, आणि..."

मग त्यांनी बाजूला पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटवर कोणीच नव्हतं. ते शेजारच्या सीटवर बसले होते, आणि आम्ही तिघं बाहेर उभे होतो. डॉक्टर हातात किल्ली धरून, मी कप धरून, मेहुणा पोट धरून.

पुढे बरेच दिवस हा किस्सा गॅरेजमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला गेला.

ते उठून योग्य जागी बसले, तर सीट आपोआप मागे सरकू लागली, झोपेत कोणी कूस बदलावी तशी अलगद. डॉक्टर उंच. गाडीला त्यांची बैठक पाठ होती. दारावर दोन बटणं होती, त्यातल्या पहिल्यावर ती जपलेली. हाफक्लचचे पाय अधांतरी राहिले.

"ते पुसून तुमची बैठक घाला," डॉक्टर म्हणाले.

"राहू द्या," हाफक्लच म्हणाले. "दुसरं बटण आहे की."

घरी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. "कोणाची ही?"

"आपली."

"आपली म्हणजे? कोणी पाहुणी आणायची तर आधी सांगायची पद्धत असते. आणि झोपणार कुठे ही? माझ्या कुंड्यांच्या जागेवर?"

कुंड्या हलल्या. घराच्या कडेला पत्र्याची शेड झाली. पण वहिनी गाडीत बसल्या नाहीत. त्यामागे जुनं कारण होतं. लग्नानंतर हाफक्लचनी त्यांना शिकवणीच्या गाडीत बसवलं होतं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच गल्लीत, वहिनींनी काही करायच्या आत गाडी थांबायची. पुन्हा निघायची, पुन्हा थांबायची. शेवटी वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच चालवताय तर मला कशाला बसवलंत शोभेला?" दार उघडून उतरल्या आणि चालत घरी आल्या. अर्ध्या गावाला शिकवलेल्या माणसाची बायको त्यानंतर कायम बसने जात राहिली.

गाडी आल्यावर आठवड्याने हाफक्लच सकाळी लवकर तळ्याच्या रस्त्याला गेले. तो रस्ता सरळ, मोकळा, पाण्याच्या कडेने दूरवर जाणारा. परतताना माझ्याकडे आले. मला वाटलं, हवेत असतील. खुर्चीवर बसले आणि बराच वेळ बुटांकडे बघत राहिले.

"काय झालं? बिघडली का?"

"गाडी नाही हो बाई. गाडी म्हणत होती चल, पण पायच दाबवेना. रस्ता रिकामा, तरी झाडामागून कोणी येईल असं वाटत होतं. मागून दूधवाला सायकलवर आला, घंटी वाजवून पुढे गेला. एवढी गाडी, आणि दूधवाला पुढे!" हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "हिला दोन ब्रेक आहेत. एक कंपनीने दिलेला, दुसरा मी."

मग गाडी शेडमध्येच राहू लागली. ते रोज तिला पुसत, कव्हर चढवत, आणि छोट्या पांढऱ्या गाडीतून शिकवायला जात. उभी राहून राहून बॅटरी उतरली. मेहुणा ती चार्ज करायला आला की म्हणे, "दाजी, कपाटात ठेवायची वस्तू होती तर घड्याळ घ्यायचं होतं." शेवटी मेहुण्यानेच एक गिऱ्हाईक आणलं. ते संध्याकाळी पाहायला येणार होतं. "तुमच्या ओळखीने आली होती, जाताना तुम्ही हजर असा," असा हाफक्लचचा निरोप आला, म्हणून मी गेले.

ते शेडमध्ये गुडघ्यांवर बसून सीटखाली कापड फिरवत होते. चेहरा असा, जसा कोणाला स्टेशनवर सोडायला निघताना होतो. एकाएकी ते थांबले आणि हात बाहेर काढून बघू लागले. तळव्यावर मटाराचा एक दाणा होता. हिरवा, ताजा.

"अगं," त्यांनी हाक मारली, "हा गाडीत कसा आला?"

वहिनी ओट्यावरून आल्या. दाणा पाहिला, मला पाहिलं, आणि पदर उगाच सारखा केला. "घरंगळला असेल."

"घरंगळत शेडमध्ये आला? आणि दार उघडून आत बसला?"

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही शिकवणीला गेलात की मी बसते दुपारची. भाजी निवडते. काय हो बाई, सांगू का, दार लावलं की आत काही ऐकूच येत नाही. ना शेजारचा रेडिओ, ना टाकीचं पाणी. काचेतून कुंड्या दिसतात, त्याही पाण्याखालच्या वाटतात. निवडता निवडता डोळा लागतो. स्वप्नातसुद्धा गाडीच असते. चालत असते, आवाज न करता."

"कोण चालवत असतं?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? मीच!"

हाफक्लच दाण्याकडे बघत होते. वहिनी वाकून आत डोकावल्या. ड्रायव्हरच्या शेजारी, पाय ठेवायच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे खाली ब्रेक आहे का तुमचा?"

"नाही."

"क्लच?"

"हिला मुळातच नाही."

"म्हणजे तुम्ही इथे बसलात तर तुम्हाला काहीच करता यायचं नाही?"

"काहीच नाही."

"मग शिकवा मला."

मी हाफक्लचच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शिकायला येणाऱ्याला ते हसत सामोरे जातात. इथे रंग उडाला होता. पायाखाली ब्रेक नसताना ते आजवर कोणाच्या शेजारी बसले नव्हते. आणि नाही म्हणावं, तर गाडी तासाभरात जाणार होती, आणि बहुधा गाडीबरोबर आणखीही काही, जे लग्नानंतरच्या त्या गल्लीत एकदा उतरून चालत गेलं होतं.

तेवढ्यात मेहुणा गिऱ्हाइकाला घेऊन आला. "दाजी, किल्ली द्या, एक चक्कर मारून दाखवतो."

हाफक्लचनी खिशातून किल्ली काढली. सवयीने मेहुण्याकडे हात गेला, मध्येच वळला, आणि किल्ली वहिनींच्या हातात पडली.

"गाडी द्यायची नाही," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "माफ करा. घरात एक जण शिकतंय."

मेहुण्याचा आ वासलेला राहिला. "ताई? ह्या गाडीवर? अगं, ही गाडी म्हणजे..."

"तू आधी चहा घे," वहिनी म्हणाल्या.

शिकाऊ परवाना काढून झाल्यावर बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, बाजारामागच्या मोकळ्या आवारात शिकवणी सुरू झाली. हाफक्लचच्या हट्टामुळे मी मागे बसले. वहिनींनी सीट पुढे घेतली, आरसे पाहिले, पाय ब्रेकवर ठेवून गियर टाकला. गाडी निघाली, पाण्यावर होडी सुटावी तशी. शेजारी धप्प आवाज झाला. हाफक्लचनी चटईवर पाय दाबला होता. पुन्हा धप्प. वळणावर धप्प धप्प.

"अहो, ती चटई भोक पडून खाली जाईल. पाय वर घ्या."

"वर म्हणजे कुठे?"

"सीटवर. मांडी घाला."

"बूट आहेत."

"काढा."

हाफक्लचनी बूट काढले. त्या मऊ कातडी सीटवर, पट्टा लावून, मोज्यांतल्या पायांची मांडी घालून बसले. पायांना जायला जागाच उरली नाही. दोन फेऱ्या ते डोळे मिटून होते. तिसऱ्या फेरीला एक डोळा उघडला. मग दुसरा.

वहिनी मन लावून शिकल्या आणि परीक्षेत पहिल्या खेपेला पास झाल्या. तपासणीस म्हणाला, कोणी शिकवलं एवढं मऊ चालवायला? वहिनींनी हाफक्लचकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "ह्यांनी. काहीही न करता."

पुढच्या रविवारी ते दोघं तळ्याच्या रस्त्याला गेले आणि येताना माझ्याकडे थांबले. हाफक्लचच्या अंगावर अजून तो रस्ता होता, नुकत्याच जाग्या झालेल्या माणसाच्या अंगावर झोप असते तसा. धुकं होतं म्हणाले. गाडी त्यात शिरली, आणि वहिनींनी पाय दाबला तेव्हा इंजिनने पहिल्यांदा आवाज काढला, खर्जातला, पोटातून येणारा. पाणी बाजूने मागे पळत होतं. धुकं फाटत जात होतं.

"आणि बाई," ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "तळ्यापलीकडे एक टेकडी आहे. वर दोन झाडं आहेत, एकमेकांकडे कललेली. तुम्हाला माहीत होतं?"

ती टेकडी गावाच्या प्रत्येक खिडकीतून दिसते. त्या रस्त्यावर हाफक्लचनी आजवर कितीतरी जणांना शिकवलं आहे.

"नाही," मी म्हणाले. "कुठली हो?"

ते सांगू लागले. वहिनी माझ्याकडे बघून हसल्या, आणि मी ऐकत राहिले.

डॉक्टर गेल्या हिवाळ्यात वारले. त्यानंतर हाफक्लचनी पहिल्या बटणावरची बैठक बदलली. तिथे आता वहिनींची आहे. दुसरं, स्वतःसाठी ठेवलेलं बटण अजून रिकामंच आहे. हाफक्लच रोज सकाळी पांढऱ्या गाडीतून शिकवायला जातात, आणि निळ्या गाडीची किल्ली वहिनींच्या पर्समध्ये असते.