फ्रिजमधली मेणाची वडी

आमच्या नात्यात कॅन्सरची एक रीत आहे. बातमी गावभर करायची, फक्त ज्याला झालाय त्याला सांगायची नाही. मला या रीतीची चीड आहे, आणि ती चीड मला आईने दिली.

आईच्या जिभेच्या कडेला जखम झाली. जन्मभर मशेरी लावलेली. जवळच्या शहरातल्या कॅम्प पाच भागातल्या लॅबमध्ये जखमेचा तुकडा तपासला आणि कॅन्सर निघाला. आमच्या खरवईच्या घरात बसून मामाने फर्मान काढलं, "ताईला नुसती सूज आहे असं सांगायचं." सगळे माना डोलावून मोकळे.

बदलापूरच्या डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सुचवली. तेव्हा ती नवीनच होती. गाठीच्या पेशींवर एक ठरावीक प्रथिन जास्त निघालं, तर गाठ चिवट आणि आजार उलटण्याची भीती मोठी. त्यासाठी तोच तुकडा लॅबमधून परत आणला. मेणात बसवलेला, वडीएवढा. दुसऱ्या दिवशी मुंबईला पाठवायचा होता. मे महिना, मेण वितळेल म्हणून मी तो फ्रिजमध्ये ठेवला. कोथिंबीर काढताना तो आईच्या हाती लागला.

"हे काय गं?"

मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही, भडकली. "माझ्या तोंडातला तुकडा माझ्याच फ्रिजमध्ये, आन् मलाच म्हाईत नाय?"

रिपोर्ट आला त्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे जाऊन डॉक्टरांसमोर बसली. प्रथिन भरपूर निघालं होतं. डॉक्टर मामाकडे बघून बोलू लागले, तशी तिने टेबलावर थाप मारली. "डॉक्टर, इकडं बघून बोला."

"मावशी, अर्धी जीभ काढावी लागेल. वर रेडिएशन. तरीही परत येणार नाही याची खात्री देता येत नाही."

मामा कळवळला. "ताई, मग उगाच कशाला हाल करून घेतेस? आहेत ते दिवस सुखात काढ."

"गाठ चिवट हाय म्हणतात ना? मंग मी काय मऊ हाय?"

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने संमतीचा कागद सवयीने मामापुढे धरला. घरचा पुरुष तोच. त्याने खिशातून पेन काढलं. आईने ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि मोठ्या अक्षरात स्वतःची सही ठोकली. जीभ पुरी असताना ती बोललेलं शेवटचं वाक्य मामाच्या वाट्याला आलं.

"तोंड माझं हाय."