एनोकदादाची मूठ

आमच्या वस्तीत कुठलं कुत्रं जगणार हे एनोकदादाची मूठ ठरवायची. दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आमच्याकडं पिल्लं सहा महिने मोकळी हिंडतात, दारोदारची माशांची डोकी पळवतात, लहान पोरांबरोबर बर्फात लोळतात. सहा महिने भरले की साखळी. पण साखळी मोजक्यांनाच मिळते. उरलेल्यांना खाडीकाठच्या काळ्या खडकामागं नेतात. हिवाळाभर हॅलिबट मासे घालून पोसायचं तर बर्फावरची घसरगाडी, स्लेज, ओढणारंच पोसायला हवं, यात कुणाला निर्दयपणा वाटत नाही. पण त्यातलं कुठलं ओढणारं, हे दादा सांगायचा.

त्याचा बघण्याचा क्रम ठरलेला. आधी पाय. बोटांच्या मधे दाट केस हवेत, नाहीतर तिथं बर्फाच्या गोळ्या धरतात आणि मैलभरात पाय रक्ताळतात. मग पाठीवर फुंकर घालायचा. केस दुभंगून आतली कातडी दिसली की म्हणायचा, "हा थंडी पडली की माझ्या अंथरुणात यायचा, आणि तिथं बिबियानलाच जागा पुरत नाही." बिबियान म्हणजे आमची वहिनी. मग कान. लहान, जाड आणि ताठ. लांब कान थंडीनं गळतात. शेपूट एवढी झुबकेदार, की कुत्रं वेटोळं करून झोपलं की नाक झाकलं जावं. डोळे सगळ्यांत शेवटी. "डोळे देखणे असतात," तो म्हणायचा, "आधी बघितले तर माणूस फसतो."

आणि मग मूठ. पिल्लाला उभं करून तो पुढच्या दोन पायांमधे मूठ घालायचा. घट्ट बसली तर साखळी. बसलीच नाही तर छाती अरुंद, चढावर दम टिकणार नाही. सैल पडली तर छाती पिंपासारखी, बदकासारखं डुलत चालणार. एवढा सोपा हिशोब.

ही मूठ त्याला आजोबांकडून मिळालेली. आजोबा झकारियास यांनी चाळीस वर्षं कुत्री पारखली. एका वसंतात दादाला जवळ बोलावलं, आपली मूठ त्याच्या मुठीला लावून बघितली आणि म्हणाले, "आता तू बघ. माझी आता म्हाताऱ्याची झाली." दादा तेव्हा बावीसचा. आमच्याकडं रीतच ती. मूठ उतरायला लागायच्या आधी दुसऱ्याच्या हाती द्यायची.

एकदा दक्षिणेकडून एक माणूस आला होता, आमच्या कुत्र्यांची अंगलट कागदावर उतरवायला. टेप, तक्ते, सगळा सरंजाम. खांद्यापर्यंत उंची किती, कान किती, डोळ्यांचा रंग कुठला चालतो, तीन दिवस विचारत होता. दादानं सगळं सांगितलं. म्हणाला, उंची माझ्या गुडघ्यावर चार बोटं. त्या भल्या माणसानं दादाचा गुडघाही मोजला. शेवटी म्हणाला, मूठ पुढं करा, तीही मोजतो.

"मूठ नाही," दादा म्हणाला.

"का?"

"ती काय विकायला काढलीय?"

सगळी वस्ती हसली. मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो. त्या दिवशी त्या माणसानं ती मूठ मोजून नेली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे आज लिहितो, पण तेव्हा सुचायला हवं होतं.

दादाला एकच मुलगा, मालिक. हात बापासारखे, रुंद आणि लालसर. दादाच्या मनात मूठ त्याला द्यायची होती. पण मालिक राजधानीला, नूकला गेला, तिथं बोटींच्या इंजिनांवर कामाला लागला. दर ख्रिसमसला पत्र यायचं, "पुढच्या वसंतात येतो." दादा ते पत्र वस्तीच्या दुकानात भेटेल त्याला वाचून दाखवायचा.

मी एकदा सहज म्हटलं, "दादा, तोवर माझी मूठ बघ की."

त्यानं माझा हात उलटापालटा केला. "जाक्कू, ही मूठ नाही, ही भाकरी आहे. शेगडीपाशी बसून फुगलीय. मालिक येईल."

मालिक आला नाही. वसंत आले आणि गेले, नऊ.

या नऊ वर्षांत दादाला सांधेदुखी लागली. बोटांच्या मधलं मांस झिजलं. माणूस तेवढाच हसरा, तेवढाच गप्पिष्ट, त्यामुळं हाताकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. शरद आला की पिल्लं घेऊन लोक त्याच्या पायरीशी जमायचे, तो फुंकर घालायचा, मूठ घालायचा. "ही सैल. ही सैल. हा बस, याला साखळी." आता "सैल" फार ऐकू यायला लागलं होतं. आम्ही म्हणायचो, अलीकडची पैदासच बेडौल. त्याच्या मुठीवर शंका घ्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

एका शरदात दादाच्याच तांबड्या कुत्रीची पाच पिल्लं होती. त्यात एक तांबूस मादी, पायात गच्च केस, कान अंगठ्याएवढे. दादानं मूठ घातली, जरा थांबला. "सैल," म्हणाला. "वाईट वाटतं, पण सैल."

त्या संध्याकाळी वहिनी कोटाखाली ती मादी घेऊन माझ्याकडं आली.

"भावजी, हिला ठेवा. त्यांना सांगू नका."

"काय सांगू मग?"

"खाडीपलीकडून आणली म्हणा."

"वहिनी, दादानं नाकारलेली आहे ही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि पिल्लू माझ्या हातात देऊन निघून गेली. मला वाटलं, बाईचा जीव अडकला असेल. मी तिचं नाव कायोक ठेवलं, म्हणजे तांबडी. दोन वर्षांत ती माझ्या कुत्र्यांची म्होरकी झाली.

मग तो मार्च. मी आणि दादा आपापल्या स्लेज घेऊन खाडीच्या वरच्या अंगाला बर्फाखाली हॅलिबटसाठी गळाचे दोर टाकायला निघालो. दुसऱ्या चढालाच त्याची कुत्री बसली. अकराच्या अकरा, जिभा बाहेर काढून. माझी उभीच होती.

"जंत झालेत," दादा म्हणाला. "नाहीतर खाणं निकस आहे. तुझी म्होरकी दे जरा. पुढं एक दमदार असली की बाकीची ओढतील."

मी कायोकला सोडवून त्याच्या हाती दिलं. त्यानं आपल्या म्होरक्याच्या अंगावरचा, वहिनीनं शिवलेला पट्टा काढून तिला घालायला घेतला. पट्टा छातीवर येईना. दादानं ओढला, सैल केला, पुन्हा ओढला. "बिबियानची नजर गेली वाटतं," तो पुटपुटला. मग स्लेजच्या मागच्या खुंटीवरचा जुना पट्टा काढला. त्याच्या तरुणपणातल्या म्होरक्याचा तो पट्टा, ते कुत्रं मेल्यावरही तो कायम बरोबर ठेवायचा. तो कायोकला असा बसला, जणू तिच्याच मापानं शिवलेला.

दादानं दोन्ही पट्टे बर्फावर शेजारी शेजारी अंथरले. बोटभर फरक होता. मग तो गुडघ्यावर बसला आणि कायोकच्या पुढच्या पायांमधे मूठ घातली. मूठ तिथं हलत होती. त्यानं ती बाहेर काढली आणि डोळ्यांसमोर धरली. किती वेळ धरली सांगता येत नाही.

"ही खाडीपलीकडची नाही," तो म्हणाला.

"नाही."

"माझ्या तांबडीची पोर."

"होय, दादा."

"चल परत."

दोर टाकलेच नाहीत. घरी आल्यावर त्यानं बूटही काढले नाहीत. मी दारातच उभा. वहिनी कॉफी ओतत होती.

"पट्टे कधीपासून आखूड शिवतेस?"

तिनं किटली खाली ठेवली. "मालिक गेला, त्याच्या तिसऱ्या वर्षापासून. तुम्ही निवडलेल्या कुत्र्यांना आधीचे ढिले व्हायला लागले. दरवर्षी थोडं थोडं आत घेत गेले."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमचा हात बारीक झाला म्हणू? मालिक येत नाही हे तर आधीच कळत होतं तुम्हाला. तेवढा हातच उरला होता तुमच्याजवळ."

दादा बाकावर बसला. माझ्याकडं बघून म्हणाला, "अशी चुकून खडकामागं गेलेली किती असतील रे?"

आकडा वहिनीला माहीत होता. नाकारलेल्या पिल्लांची कातडी आमच्याकडं वाया जात नाहीत. त्यांचे हातमोजे होतात, टोपडी होतात, आणि वस्तीतलं बहुतेक शिवणकाम तिचंच. दादानं खुंटीकडं बघितलं. तिथं त्याचे हातमोजे होते, राखाडी, मऊ केसांचे. मग माझ्या हातांकडं बघितलं. मी हात पाठीमागं नेले.

त्या रविवारी प्रार्थनेला सगळी वस्ती हातमोजे घालून आली. दादा शेवटच्या बाकावर, उघड्या हातांनी. लोक गाणं म्हणत होते, तो बाकांच्या कडांवर ठेवलेले हातमोजे एकेक करून बघत होता. कुणाचे पांढरे, कुणाचे करडे, कुणाचे तांबूस. त्याला प्रत्येक पिल्लू आठवत होतं, असं मला वाटतं. त्याची स्मरणशक्तीच तशी होती.

पुढच्या शरदात लोक पिल्लं घेऊन आले तेव्हा त्यानं दार उघडलं नाही. खिडकीतून जुना पट्टा बाहेर उभ्या असलेल्या वहिनीच्या हाती दिला. "याच्यानं मापा," म्हणाला. कायोकच्या तीन पिल्लांना साखळी मिळाली. मी सांगायला गेलो, "दादा, रुंद छातीची आहेत, तुझ्या जुन्या कुत्र्यांसारखी."

"बरं झालं," तो म्हणाला. मग माझ्या हाताकडं बघत, "जाक्कू, तुझी मूठ भाकरी नव्हती. त्या वर्षी बरोबर होती ती. मी बघितलं होतं."

मी त्याच्यासाठी कितीतरी गमती घेऊन गेलो होतो, त्या तशाच घेऊन परत आलो.

त्यानं पुन्हा हातमोजे घातले नाहीत. उणे तिसातही हात बाह्यांत ओढून फिरायचा. वहिनीनं लोकरीचे विणून दिले, तेही खुंटीवरच राहिले. हिवाळा संपता संपता त्याला छातीचा ताप आला आणि चार दिवसांत गेला. मालिक विमानानं यायला निघाला होता. हवा बिघडून वाटेतच अडकला.

पेटीत ठेवायच्या आधी वहिनी लोकरीचे हातमोजे घेऊन उभी होती.

"भावजी, घालू का? तिथं थंडी असेल."

मी म्हटलं, "नको, वहिनी. घालायचे नव्हते त्याला."

तिनं ते खिशात ठेवले. मग त्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटवली, सांधे दुखू नयेत अशा बेतानं, आणि ती मूठ आपल्या तळहातावर घेतली. वहिनीचा हात लहान, शिवणकाम करणाऱ्या बाईचा. तिनं बोटं मिटली. दादाची मूठ तिच्या एका हातात पुरी मावली.