आम्ही निवडलेला किनारा

"आजी, सर्फिंग शिकायला यातल्या कुठल्या बीचवर जाऊ?" नातीनं चार किनाऱ्यांची नावं वाचून दाखवत फोनवर विचारलं आणि माझं डोकंच तडकलं. तिचा काय दोष?

महाराष्ट्र तेव्हा नवानवा झाला होता. "आता समुद्रही आपला झाला, पाहाले जाऊ," समुद्रापासून लांबच्या आमच्या गावात, सातवीच्या वर्गात गुरुजी म्हणाले. किनारा आम्हा पोरींना निवडायला सांगितला, कारण नकाशे आम्ही सुबक काढायचो. आठ दिवस भांडून आम्ही मुरूड ठरवलं.

निघायच्या सकाळी पोरं गाडीत चढली आणि गुरुजींनी आम्हाला दारातच अडवलं. "पोरींले इतक्या दूर कोण नेईन? खारं पाणीच पाहाचं ना? मंग शिवणाच्या बाई तुम्हाले लोणार दाखवतीन."

लोणारच्या काठाला सडक्या अंड्यांचा वास होता. परकराच्या टोकानं नाक दाबून आम्ही हसत होतो. हसत होतो! आता ते हसू आठवलं की अंगाची लाही होते.

चार दिवसांनी पोरं परतली. गुरुजींनी माझ्या हातावर एक शिंपला ठेवला. "तुम्ही निवडलेला किनारा लय मस्त होता, पोरींनो."

आणि मी वाकून त्यांच्या पाया पडले.