घोडीचा खांदा

लग्न होऊन मेडशीला आले तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि गवसणीतला दिलरुबा आला. माहेरी, कारंजाला, वडिलांनी मोठ्या हौसेनं गुरुजी लावून तो मला शिकवला होता. सासरी त्याचं नाव कुणाला धड घेता येईना. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्यांना ‘दिल’ हा शब्द सुनेसमोर उच्चारायची लाज वाटे, म्हणून त्यांनी तो गाळला आणि उरलेल्याला मान देऊन टाकला. रुबाबाई! थोड्याच दिवसांत सगळं घर रुबाबाईच म्हणू लागलं. गोठ्यातल्या गड्यानं तर एकदा मला विचारलं, या बाई कोणत्या गावच्या?

दिवेलागणीआधी थोडा वेळ मला वाजवायची मुभा होती. ती आत्याबाईंनीच दिली होती. मी माजघरात बसून तारांवर गज फिरवायची आणि त्या उंबऱ्यापाशी तूर निवडत बसायच्या. कौतुकाचा शब्द कधी नाही. पण मी थांबले की त्यांचा हातही सुपात थांबायचा, हे मी पाहून ठेवलं होतं. नव्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं आणि मला ते जिवापाड होतं.

आणि तारा तुटू लागल्या. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी एकाच जागी. दिलरुब्याच्या पोटावर कातडं ताणलेलं असतं. त्यावर लाकडाची एक छोटी पट्टी उभी असते, तिला घोडी म्हणतात. घोडीच्या माथ्यावर खाचा असतात आणि तारा त्या खाचांतून जातात. तिथंच खट् व्हायचं आणि तार गालाला चाटून जायची. कारंजाच्या गुरुजींनी सांगून ठेवलं होतं की खाचेची कड धारदार राहिली तर ती तार कापते, म्हणून जाड दोरा ओढून खाच गुळगुळीत करावी आणि वाजवून झालं की हाताचा घाम पुसून काढावा. मी सगळं केलं. तरी तार तुटलीच. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असे. मी अकोल्याच्या दुकानदाराला नावं ठेवली, उंदरांना ठेवली, शेवटी नवऱ्यावर खापर फोडलं. ते बिचारे दिलरुब्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत.

पावसाळा सुरू होता. पेरण्या झाल्या, निंदण आलं, अकोल्याला जायला कुणाला सवड नव्हती. ट्रंकेत एकच तार उरली. ती चढवत होते तेव्हा आत्याबाई जवळ येऊन बसल्या.

“रुबाबाईचं मन नाई लागत आपल्या घरी,” त्या म्हणाल्या. “पोळा झाला का तुहा भाऊ येईन तुले न्यायले. तिलेबी माहेरी धाडून देऊ.”

बोलत होत्या दिलरुब्याबद्दल, पण बघत होत्या माझ्याकडे. दिलरुबा गेला तर या घरात माझा आवाजच उरणार नव्हता. आणि त्याच वेळी हेही कळलं की या बाईला भीती वाटते आहे, सून रमत नाही याची.

दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग आली. माजघरात आत्याबाई न्हाऊन आल्या होत्या. त्यांनी गवसणी हलकेच खाली केली, बोट तांब्यात बुडवलं, हळद घेतली, कुंकू घेतलं आणि घोडीच्या बरोबर माथ्यावर लावलं. मग हात जोडले. बोटाचं पाणी तारेवरून ओघळत होतं.

मी विचारलं, हे रोजचं का? त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

“कामाले जुपलेलं जनावर हाय ना ते? बैलाले लावतो, मंग घोडीले काहून नाई?”

मला हसू फुटलं. पोट धरून हसले. मग उजेडात तुटक्या तारांची टोकं पाहिली. तांबूस गंज, आणि खाचांमध्ये वाळून घट्ट झालेली हळद. तार खाचेत सरकतच नव्हती. अडकून ताणली जात होती आणि गंजल्या जागी तुटत होती. मी त्यांना सांगितलं की घोडी म्हणजे नुसतं लाकूड, आणि ओल्या बोटानं पोलादी तार गंजते. हसतहसतच सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. “म्हंजे मीच तोडून राह्यली होती,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्या दिलरुब्याच्या जवळ फिरकल्या नाहीत. मी वाजवायला बसले की सूप उचलून गोठ्याकडे जायच्या. खाचा साफ झाल्या होत्या, शेवटची तार चढलेली होती, पण उंबरा रिकामा असताना माझा गज चालेना. मी गवसणी चढवून टाकली. मला त्यांची फार आठवण यायची, आणि त्या तर त्याच घरात होत्या.

पोळ्याची आदली संध्याकाळ आली. आमच्याकडे त्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू घासून खांदा सोलवटलेला असतो, त्याला हळद कालवलेलं कोमट तूप चोळतात आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायले या’ म्हणून बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मामंजी गोठ्यात बैलांच्या खांद्यावरून हात फिरवत होते. आत्याबाई वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. हात पदराला कोरडा पुसलेला.

“हयद टाकायच्या आंधी काढून ठेवलं,” त्या म्हणाल्या. “जू जिथं घासते तिथंच खांदा सोलते. घोडीचंबी तसंच असन. पानी नाई, काई नाई. सुकं तूप.”

मी तार सैल करून खाचेतून उचलून धरली. तूप गजाच्या केसांना लागलं तर सूर घसरतो, म्हणून मी बाजरीच्या दाण्याएवढंच मागितलं. त्यांनी करंगळीच्या टोकानं तेवढंच खाचेत लावलं, आणि मग घोडीवरून हात फिरवून, गोठ्यात म्हणतात तसंच हळू आवाजात म्हणाल्या, “आज आवतन घे, उद्या वाजायले ये.”

दुसऱ्या दिवशी बैल तोरणाखालून जाऊन आले आणि मी वाजवायला बसले. आत्याबाई उंबऱ्यावर होत्या. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, घोडीकडे होतं. तार टिकली. पुढंही टिकली. पुढच्या वर्षांत तारा तुटल्या नाहीत असं नाही, पण घोडीवर क्वचितच.

पोळ्यानंतर भाऊ मला न्यायला आला. माझी ट्रंक त्यानं उचलली आणि सवयीनं दिलरुब्याच्या गवसणीलाही हात घातला. आत्याबाई मध्ये उभ्या राहिल्या.

“पोरगी ने चार रोज,” त्या त्याला म्हणाल्या. “रुबाबाई राहीन माह्यापाशी. म्हंजे ही लवकर वापस येईन.”