सनईचं लेबल

मी चुकलेल्या रेकॉर्ड जमवायचो. दोन्ही बाजूंना एकच लेबल, भोक मध्यापासून सरकलेलं, भजनाच्या लेबलाखाली लावणी. दर रविवारी जुन्या बाजारात उकिडवं बसून असला माल धुंडाळायचा आणि घरी आणून कपाटात उभा करायचा. हिंजवडीच्या कंपनीतही माझं काम दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्याचंच होतं. पगार त्याचाच मिळायचा, त्यामुळे आपली नजर तयार आहे अशी घमेंड होती.

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली आणि नव्या फ्लॅटमध्ये सामान मावेना. मी माझ्या चुकलेल्या रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून जपून बांधल्या आणि घरातल्या धड रेकॉर्ड विकायला पोत्यात भरल्या. त्यात आईच्या ट्रंकेतली एक सनईची होती.

"ती राहू दे ना," आई म्हणाली.

"काय आहे तिच्यात? लेबल सरळ, भोक मधोमध. असल्या सनया पोत्याने मिळतात."

आई स्वयंपाकघरातले डबे बांधायला गेली.

दोन वर्षांनी ती वारली. तेरावं झालं, पाहुणे गेले आणि वडील म्हणाले, "आता तिची रेकॉर्ड लाव."

"कुठली?"

"सनईची. लेबल सनईचं, आत तुझी आई आहे. लग्नाआधी एका छोट्या कंपनीने तिची दोन गाणी घेतली होती आणि लेबल भलतंच चिकटवलं. कंपनीचं लगेच दिवाळं निघालं. तुझ्या आजोबांना सुनेचं गाणं खपायचं नाही. त्या लेबलामुळेच ती रेकॉर्ड घरात टिकली."

विकल्याचं सांगणं भाग होतं. सांगितलं.

"आम्ही कारखान्यात प्रत्येक पेटीतला एक तरी नग उघडून बघायचो," ते म्हणाले. "तू लेबल वाचून पास केलंस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाजारातल्या विक्रेत्याला माझं पोतं आठवत होतं. हिंजवडीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने ते सजावटीसाठी उचललं होतं. ते हॉटेल मला चांगलं ठाऊक होतं. रेकॉर्ड गरम करून, वाकवून त्यांचे वाडगे केले होते आणि त्यांत पापड द्यायचे. ऑफिसच्या लोकांबरोबर मी तिथे कितीदा हसतखेळत जेवलो होतो! आता एकेक वाडगा पालथा करून लेबलं वाचू लागलो. मॅनेजर धावत आला, "सर, काही प्रॉब्लेम आहे का?"

सनईचे दोन वाडगे निघाले. दोन्ही मागून घेतले. वाकलेल्या रेकॉर्डवर सुई चालत नाही. त्यांतला आईचा कुठला, की दोन्ही नुसत्या सनयाच, हे कळायला आता काही मार्ग नव्हता. तेवढं वडिलांनाही कळत होतं.

घरी त्यांनी दोन्ही हातात घेऊन उलटेपालटे केले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हीच," ते म्हणाले.

"कशावरून?"

"मी सांगतोय ना."

चाळीस वर्षांत न तपासता एकही पेटी पास न केलेल्या माझ्या वडिलांनी तो तेलकट वाडगा पंच्याने पुसला आणि उशाशी ठेवला. मला त्यांच्याकडे बघवेना.